जाताना पाच तास, येताना सोळा

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. तू साठी ओलांडलीस, घरात तुला आजी म्हणणारी तीन माणसं आहेत, तेव्हा पत्राच्या सुरुवातीला काहीतरी भारदस्त असावं असं माझ्या सूनबाईचं म्हणणं पडलं. तिनं दोन-तीन मायने म्हणूनही दाखवले. पण जिचा शेंबूड मी माझ्या पदरानं पुसला तिला ‘आदरणीय’ म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून आहे तेच चालू दे. इकडे सगळं ठीक आहे. माझा डावा पाय संध्याकाळी सुजतो आणि उजवा त्याला सोबत म्हणून सुजतो. शिवणयंत्र अजून चालवते, पण आता दिवसाला दोनच ब्लाउज, आणि तेही ज्या बायका घाई करत नाहीत त्यांचेच. मुलगा पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचतो आणि संध्याकाळी घरी येऊन माझा चेहरा वाचायला बघतो, तो त्याला अजून जमलेला नाही. नात होस्टेलवर गेल्यापासून माझी पत्रं सूनबाई लिहिते. ती कोर्टात साक्षी उतरवून घेते हे तुला ठाऊकच आहे. साक्षीदाराच्या तोंडून निघेल ते सगळं कागदावर घ्यायचं, त्यात आपली अक्कल चालवायची नाही, अशी तिच्या हाताला वीस वर्षांची सवय. तेव्हा पुढे जिथे कंस दिसेल तिथे समज, की ते मी लिहू नकोस म्हटलं होतं. (हे सुद्धा लिहू नकोस म्हटलं होतं.)

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही. विचारलं की तू ‘मस्त’ म्हणतेस. जिच्या छातीतली झडप बावीस तारखेला बदलायची आहे ती बाई मस्त असेल, तर नुसते पाय सुजलेली मी आता कुस्ती खेळायला मोकळी आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. त्याचं कारण असं, की फोनवर मी जरा आवाज चढवला की तुला ऐकू येईनासं होतं. ‘ताई, आवाज तुटतोय गं,’ म्हणतेस आणि ठेवतेस. पत्र काही असं ठेवता येत नाही. तू शाळा शिकलीस, वाचता येतं, आता वाच. मी शिकत बसले असते तर तुला शाळेत कोणी घातलं असतं, हा मुद्दा मी काढत नाही. (काढला.)

तर मुद्द्याचं. महिन्यापूर्वी तुझ्या मुलाचा फोन आला, की मावशी, ऑपरेशनच्या आधी दोन-चार दिवस येऊन राहा, आईला धीर येईल, तिकिटाचं मी बघतो. मी लगेच हो म्हटलं. नऊ वर्षांत तुला पाहिलेलं नाही, आता नाही तर कधी? पण दुसऱ्या दिवशी माझ्या चिरंजिवांचं तोंड पडलेलं. म्हणाला, आई, अकरा तास विमानात बसावं लागतं, आणि डॉक्टरीणबाईंनी तुला एका वेळी सहा तासांच्या वर बसायला मनाई केली आहे. मी म्हटलं, मला तर त्या काही बोलल्या नाहीत. तर म्हणे, तू बाहेर नर्सबाईंकडे वजन करत होतीस तेव्हा मला बोलावून सांगितलं. आता वजनकाट्यावर मी उभी होते हे खरं. किती भरलं हे मी कोणाला सांगितलं नाही हेही खरं. पण माझ्या पायांची बातमी पायांना सोडून मुलाला सांगतात, इथेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

संशय आला की मी गप्प बसत नाही, आणि कोणाला सांगतही नाही. चौकात विमानाची तिकिटं काढून देणारी बाई आहे, तिचे ब्लाउज माझ्याकडे असतात. तिच्या नव्या ब्लाउजला गुंड्या लावायच्या निमित्तानं मी तिच्या ऑफिसात जाऊन बसले. (गुंड्या आधीच लावून झाल्या होत्या.) ती तुझ्या गावच्या विमानाचा कागद काढून वाचायला लागली, तर मी तो तिच्या हातातूनच घेतला. मला अक्षर येत नाही, पण आकडे येतात, जन्म टेप धरण्यात गेला. कागदावर स्वच्छ होतं, इथून सुटणार सकाळी दहा, तिथे पोचणार दुपारी तीन. मी बोटं मोजली. पाच. पाच तास म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या सहाच्या आत, वर एक तास शिल्लक. मुलानं पाचाचे अकरा केले होते. मीटर वाचणारा माणूस आकड्यांत अशी चूक करत नाही, करतो ती मुद्दाम करतो, असं मी धरून चालले.

मग मी परतीचं बघितलं. तिथून सुटणार संध्याकाळी पाच, इथे पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ. सोळा तास! जाताना पाच आणि येताना सोळा. खरं सांगू, याचं मला काहीच नवल वाटलं नाही. आई-वडील गेल्यापासून तुझं घर हेच माझं माहेर आहे, आणि माहेराहून परतताना वाट किती लांबते हे मला विमान निघायच्या आधीपासून माहीत आहे. पण तिकीटवाली हसायला लागली. तिनं काहीतरी सांगितलं, की तिकडचं घड्याळ सहा तास मागे चालतं, म्हणून पाचात सहा मिळवायचे आणि सोळातून सहा वजा करायचे. म्हणजे जाताना अकरा, येताना दहा. तुझं घड्याळ मागे चालतं तर दुरुस्त का करून घेत नाहीस, हा माझा प्रश्न. शिवाय एकाच रस्त्याला जाताना मिळवायचे आणि येताना वजा करायचे, हा हिशेब जिने केला तिच्याकडून मी पुढच्या वेळी माप दोनदा तपासून घेईन.

घरी येऊन मी मुलाला समोर बसवलं. त्यानंही तेच सांगितलं, अकरा आणि दहा. म्हटलं, रस्ता एकच ना, मग येताना तास कमी का? म्हणाला, वारा. येताना वारा विमानाच्या पाठीवर असतो, जाताना तोंडावर. म्हणजे बघ, वारा सुद्धा माझ्या मुलाच्या बाजूचा. मला तुझ्याकडे जाऊ द्यायचं त्याच्या जिवावर येतं आणि परत आणायची मात्र घाई. पाच, सोळा, अकरा, दहा, एका प्रवासाच्या या चार जबान्या. सूनबाईला विचारलं, तुमच्या कोर्टात असे चार साक्षीदार आले तर काय करतात? ती म्हणाली, पुढची तारीख देतात. मी म्हटलं, माझ्याकडे तारीख एकच आहे, बावीस.

तासांचं जुळेना म्हणून मी अंतराला धरलं. अंतर काही घड्याळावर चालत नाही, ते तरी खरं बोलेल. तर तिकीटवाली म्हणते आठ हजार किलोमीटर, मुलाचा फोन म्हणतो सात हजार नऊशे, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलाचे मास्तर जाड पुस्तक काढून आठ हजार तीनशेच्या घरात सांगतात. आता शिवणीत आपण बोटभर माया सोडतो, पुढे बाई जाड झाली तर उसवता यावं म्हणून. पण दोन शहरांमध्ये चारशे किलोमीटरची माया कोण सोडतं? मास्तर म्हणाले, विमान कुठल्या वाटेनं जातं त्यावर असतं. इथे मला ते चित्र आठवलं. तुझ्या मुलानं गेल्या खेपेला इथून परतताना विमानातल्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवरच्या नकाशाचा फोटो काढून पाठवला होता. मी तो सूनबाईच्या फोनवर परत काढायला लावला. त्यात विमानाची रेघ इथून निघून थेट तुझ्या गावाला जायचं सोडून वर बर्फाकडे चढलेली, आणि मग कमानीसारखी वाकून खाली उतरलेली. मी म्हटलं, सापडला. गेल्या वर्षी दवाखान्यात जाताना एका टॅक्सीवाल्यानं मला भाजीबाजाराभोवती दोन वेळा फिरवलं होतं, भेंडीवाली दुसऱ्यांदा दिसली तेव्हा मला कळलं. हा विमानवाला तर त्याचा काका. अकरा तास का लागतात ते आता उघड झालं. त्याला कोणी सरळ न्यायला सांगितलं, तर पाचात पोचेल.

मास्तरांनी मला समजावायचा फार प्रयत्न केला. पृथ्वी गोल, कागद सपाट, वगैरे. आवाज चढवून सांगितलं की बाईमाणसाला लवकर कळतं अशी त्यांची समजूत आहे. शेवटी त्यांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला आणि मी ब्लाउजच्या खिशातला दोरा काढला (खिसा माझी स्वतःची युक्ती, कोणाला सांगू नकोस). दोऱ्याचं एक टोक आपल्या गावावर धरलं, एक तुझ्या गावावर, आणि ताणला. धाकटे, दोरा आपोआप सरकत बर्फाकडे गेला. मी तो खाली ओढून नकाशातल्या सरळ वाटेवर आणला, तर तो पुरेना. परत सोडला, परत वर. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची कड, आपण कापडावर कमानीसारखा कापतो. नवी मुलगी शिकायला आली की तिला वाटतं, हे वाकडं झालं, आणि ती सरळ कापते. मग ती बाही अंगावर चढवली की खांद्यावर दाटते. कमानीत कापलेली बाही मात्र खांद्यावर सरळ बसते. कारण खांदा गोल, कापड सपाट. तुझा विमानवाला कापडावर वाकडा दिसतो, अंगावर सरळच चालला आहे. मास्तरांना मी हे सांगितलं तर त्यांनी दोरा स्वतः ताणून पाहिला आणि ते म्हणाले, मी तीस वर्षं हे शिकवलं, असं कधी सुचलं नाही. म्हटलं, तुम्ही कधी बाही लावली नाहीत.

म्हणजे विमानवाला सुटला. त्याच्यावरचा आरोप मी मागे घेते. (टॅक्सीवाल्यावरचा घेत नाही.) पण माझी अडचण तशीच राहिली. वाट सरळ निघाली तर तास खरेच अकरा असणार, आणि डॉक्टरीणबाईंचे सहा पुढ्यात उभेच. अकरातून सहा गेले की पाच तास मी कुठे बसायचं, विमानाच्या पंखावर? मधल्या एखाद्या गावात उतरून पाय मोकळे करून पुढे जाता येईल का, हेही मी तिकीटवालीला विचारलं. येतं, पण तसं गेलं तर अठरा तास आणि एक अख्खी रात्र खुर्चीवर. पाय सुजू नयेत म्हणून ही तजवीज.

त्या घड्याळाची सुद्धा मी खातरजमा केली बरं का. गेल्या रविवारी मी तुला फोन केला तो उगाच नव्हता. माझं जेवण होऊन मी हात धूत होते, आणि तू म्हणालीस, ‘थांब ताई, तोंड धुते.’ म्हणजे घड्याळाचं खरं आहे, तुमचा दिवस आमच्या मागून रांगत येतो. तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण मी विमानाचा विषय काढला आणि तू घाईघाईनं म्हणालीस, इतक्या लांब कशाला येतेस, तुला सहा तासांच्या वर बसायचं नाही ना. मी फोन ठेवला. मग यंत्रापाशी बसले, पण शिवण काही पुढे जाईना. सहा तासांचं मी तुला सांगितलं नव्हतं. मुलाला विचारलं, तू मावशीशी बोललास का? तो म्हणाला, छे, महिन्यात बोललो नाही. सूनबाईला विचारलं तर तिला कढईत काहीतरी करपल्याचा वास आला. (कढई शेगडीवर नव्हती.) मग हे सहा तास आठ हजार किलोमीटर चालत तुझ्याकडे कसे पोचले? आणि तेही माझ्या आधी.

असो. तिकीटवालीनं शुक्रवार संध्याकाळपर्यंत एक जागा माझ्या नावावर धरून ठेवली आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही. तू काळजी घे, जिना चढू नकोस, आणि मुलाला आणि नातवंडांना आशीर्वाद सांग.

तुझी,
ताई

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं, बरंच झालं. काल गुरुवारी मी कोणाला न सांगता दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, सहा तासांचं काय ते मला तोंडावर सांगा. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘आजी, मी असं कधीच बोलले नाही. घट्ट मोजे घाला, पाणी प्या, तासातासाला उठून चाला, आणि खुशाल जा.’ घरी येऊन मी हे मुलासमोर ठेवलं. त्यानं सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईनं पेनाकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, ‘आई, मावशीनं शपथ घातली होती. ती म्हणाली, ताईला काहीही सांगून थांबव. ताई इतक्या लांबून आली, की मला कळेल मी यातून उठणार नाही.’

महिनाभर मी घड्याळावर संशय घेतला, वाऱ्यावर घेतला, पोटच्या पोरावर घेतला, आणि चोर निघालीस तू. मी रागावलेली नाही. (सूनबाई, असंच लिही, रागावलेली नाही.) पण नीट ऐक. लहानपणी तुला ताप आला की आई आत आल्यावर तू रडायचीस आणि मी आले की पाणी मागायचीस. म्हणून पाणी द्यायला मी येतेय, आई म्हणून नाही. तरीही तुला भीती वाटणार असेल, तर लोकांना सांग, ताई माझ्यासाठी आलेलीच नाही. ती म्हणते, परतीच्या कागदावर सोळा तास लिहिलेत आणि सगळे दहा सांगतात, ते तिला बसून बघायचं आहे. परतीचं बघायचं तर आधी जावं लागतं, म्हणून आली. सूनबाईनं आज तिकीट काढलं. मुलगा स्वतः जाऊन घट्ट मोजे घेऊन आला, ते इतके घट्ट आहेत, की चढवताना आम्ही तिघं दमलो. पत्राला टपालानं बारा दिवस लागतात म्हणे, म्हणून ते मीच घेऊन येते.

दुसरी ता. क. अक्षर बदललेलं दिसेल. विमानात शेजारच्या खुर्चीतल्या बाई लिहिताहेत, दातांच्या डॉक्टर आहेत, माणूस चांगला आहे, माझे दात मात्र त्यांनी सारखे बघितले. त्या कंस घालत नाहीत, तेव्हा आता लपवायला काही जागा उरली नाही. मी आतापर्यंत आठ फेऱ्या मारल्या. हवाईबाईनं दोनदा विचारलं, आजी काही हवंय का, मी म्हटलं, नाही, पाय चालवतेय. माझ्या हातातल्या घड्याळात साडेसहा वाजलेत, घरी आता दिवे लागले असतील, आणि खिडकीत मात्र भर दुपार आहे. सकाळपासून उन्हाची तिरीप माझ्या मांडीवर आली आहे ती हलायला तयार नाही. मी खिडकीवरचं झाकण दोनदा ओढून परत उघडून पाहिलं, कोणी दिवा लावून ठेवलाय का म्हणून. नाही, सूर्यच आहे. आमच्या मागून यायचा तो आमच्याबरोबरच चाललाय. मुलगा खरं बोलत होता. त्याला कळवायची घाई नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. तुझा मुलगा सांगत होता, की तुला आत नेतील तेव्हा शेवटच्या दारापर्यंत घरचं एकच माणूस सोबत येऊ देतात, आणि त्याचं नाव आधी लिहून द्यावं लागतं. ते नाव माझं लिहायला सांग. तुझा मुलगा मोठा झालाय, तो बाहेर बाकावर बसेल. दारापाशी मी काही बोलणार नाही, रडणार तर नाहीच, नुसती हात धरून चालेन. आणि तिथे कागदावर सही मागतात म्हणे. मला अंगठा उठवावा लागेल, तर शाई ठेवतात का, तेवढं आधी विचारून ठेव. नसेल तर आत्ताच आणून ठेवायला सांग, दारात खोळंबा नको.